बर्फातलं वाळवण

उमेओ, स्वीडन
२४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

इथून, बर्फातून, वाकून नमस्कार.

पोचून आठवडा झाला. फोनवर बोलू असं आपलं ठरलं होतं, पण परवा तुम्ही तिकडून "हां हां, बरी शेस ना?" एवढंच ओरडत राहिलात, मी इकडून ओरडत राहिले, आणि शेवटी जावईबापू घाबरून बाहेर आले, की सासूबाई कुणाशी भांडतायत. तुमच्या कानातलं ते यंत्र शिट्टी मारतं आणि माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून रूपानं तोड काढली. मी कागदावर लिहायचं, ती फोटो काढून तुमच्या कुंदनच्या फोनवर पाठवणार. तुम्हीही तसंच करा. पोस्टानं पाठवलं तर पत्राआधी मीच धुळ्याला पोचेन.

लिहायला तसं काही नाही. इथे दुपारच्या चहाची वेळ झाली की अंधार. खिडकीबाहेर सगळं पांढरं, रस्ता कुठे आणि अंगण कुठे काही कळत नाही. माणूस दिसत नाही, दिसलं तर बोलत नाही. लिफ्टमध्ये एकजण भेटला, मी हात जोडले तर तो बिचारा आपल्या बुटांकडे बघत राहिला. जेवणाला चव नाही. मिरची म्हणून जी मिळते ती खाऊन लहान मूलसुद्धा रडणार नाही. रूपा आणि योगेंद्र दिवसभर कामावर, घरात मी आणि चार भिंती.

तुम्हीच बळेबळे पाठवलंत. "जळगावच्या घरात एकटी काय करशील, पोरीकडे जा, हिवाळा काढ," म्हणालात. काढते आहे. एप्रिलात अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी; तिच्याआधी मात्र येणारच. तुमच्या भावाची पहिली घागर भरायची आहे, ती काही मी चुकवायची नाही. तोवर कसंतरी.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
प्रमिला


धुळे, देवपूर
६ डिसेंबर

प्रमिला, पोरी,

आशीर्वाद. तुझ्या नावाच्या आधी काय लिहायचं इथेच पेन थांबला. इतकी वर्षं 'चि. सौ.' लिहीत आले. आता लोक जे लिहितात ते माझ्या हातून लिहवत नाही. म्हणून नुसतं नाव.

तुझं पत्र कुंदननं मोठं करून दाखवलं. वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू? थोडा रागही आला. विमानात बसून गेलीस, समुद्र ओलांडलास, आणि लिहितेस काय, तर मिरची तिखट नाही. मना भाऊ मोती असता तर पहिल्या दिवशी त्या इमारतीतल्या सगळ्या मोटारी उघडून बघितल्या असत्या. जळगावात त्याच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानासमोरून जाताना लोक पंखे लपवायचे, की हा बिघाड नसला तरी उघडून बसेल. तू जरा त्याच्या डोळ्यांनी बघ की.

चंपाषष्ठीला कुंदनच्या मित्राच्या शेतात भरीत झालं. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, कळण्याची भाकरी होती. मी दोन घास जास्तच खाल्ले. हे तुला सांगते, बाकी कुणाला नाही. भाऊ जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि बहीण भरीत हाणते म्हणतील.

आता कामाचं ऐक. माणूस गेलेल्या घरात आपल्याकडे वर्षभर वाळवण घालत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. पापड, कुरडया, बिबडे, बठ्ठं सोयऱ्यांनी आणून द्यायचं. त्यात पहिला मान नणंदेचा. म्हणजे माझा. फेब्रुवारीचं ऊन गच्चीवर आलं की मी ज्वारी भिजत घालणार. तू आखाजीला येशील तेव्हा वर्षाचे बिबडे डब्यात भरून तयार असतील. मोतीच्या घरात बिबडा कमी पडला असं कुणी म्हणायला नको. तू तिथे कशाला हात लावू नकोस, आराम कर.

अक्षर वाकडं आलंय. थंडी फार आहे.

तुझी,
झुंबरअक्का


उमेओ
२३ डिसेंबर

ती. अक्का,

नमस्कार. तुमचं पत्र रूपानं दोनदा वाचून दाखवलं, मग मी एकदा वाचलं. भरताचं वाचून जीव कासावीस झाला. दोन घास जास्त खाल्लेत ते बरं केलंत. मी कुणाला सांगायला जाते आहे थोडीच.

इथे तसंच सगळं. अंधार वाढलाच आहे. लोकांनी खिडक्याखिडक्यांत कागदाच्या चांदण्या लावल्या आहेत, आत दिवा असतो. संध्याकाळी खाली उतरलं की पूर्ण गल्ली चांदण्यांची दिसते. बघायला बरं वाटतं, बाकी काही नाही.

खालच्या मजल्यावर गुनवोर नावाची बाई राहते. तुमच्याच वयाची, नवरा नाही. तिला मराठी येत नाही आणि मला तिची भाषा येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. तिच्याकडे एक गंमत आहे. लाकडी खुर्ची आणि खाली लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या. इथल्या म्हाताऱ्या बाया ती बर्फावरून ढकलत बाजारात जातात. पुढे पिशव्या ठेवायच्या, मागे पट्टीवर एक पाय द्यायचा आणि दुसऱ्यानं रेटायचं. गुनवोरनं परवा मला खुर्चीवर बसवलं आणि उतारावरून सोडलं. अक्का, मी एवढी ओरडले, की समोरच्या घरातला कुत्रा बाहेर आला. गुनवोर हसत हसत बर्फात बसली. मग मी तिला बसवून ढकललं. आता रोज दुपारी उजेड असतो तेवढ्यात जातो.

म्हणजे, वेळ जात नाही म्हणून जाते. मनाला करमत नाहीच.

वाळवणाचं तुम्ही लिहिलंत, डोळे भरले. पण इतकं सगळं एकट्यानं करू नका, कुंदनच्या बायकोला हाताशी घ्या. मी वाट बघते.

तुमची,
प्रमिला


धुळे
९ जानेवारी २०२६

प्रमिला,

आशीर्वाद.

तुझ्या रडगाण्यात ती गुनवोर किती वेळा आली ते तुझं तूच मोज. आणि मला एक सांग, साडी नेसून तू त्या ढकलगाडीवर मागे उभी राहिलीस आणि रेटलंस, हे मी कसं मानू? खरं सांग. पँट घातलीस ना? कुंदन म्हणतो आई, तिथे साडीत माणूस गोठून जाईल. मग घातलीस तर घातलीस, लपवतेस काय. मोतीनं एकदा तुला पंजाबी ड्रेस आणला होता जत्रेतून, आणि तू आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हतीस. आता बघ.

संक्रांत आली. या वर्षी तुमच्याकडून तिळगूळ नाही, आणि मलाही करावासा वाटत नाही. शेजारी देतात तो घेते.

गच्ची झाडून ठेवली आहे. धुळ्याच्या दाणाबाजारातून चांगली ज्वारी आणायला कुंदनला सांगितलंय. पांढरी, टपोरी. यंदा बिबडे असे करते की आई वरून बघून म्हणेल, झुंबर, आता शिकलीस.

तुला आठवतं? तू नवी नवरी आलीस तेव्हा तुला साधा पापड लाटता येत नव्हता. यावलच्या जुन्या घरच्या गच्चीवर मी तुझा हात धरून शिकवलं, की हात आधी पाण्यात बुडव, मग शिजवलेल्या घाट्याचा गोळा ओल्या कपड्यावर ठेव, आणि मधून कडेला फिरवत ने, दाबू नकोस. तू पहिला बिबडा केलास तो नकाशासारखा. मोती म्हणाला, हा मी फ्रेम करून लावतो. मग कपड्यावर वाळायच्या आत त्यानंच तो उचलून खाल्ला.

अक्षराकडे बघू नकोस. पेन खराब झालाय.

अक्का


उमेओ
४ फेब्रुवारी

ती. अक्का,

नमस्कार. घातली. पँट घातली. आत लोकरीची, वर जाड, आणि वर रूपाचा गुडघ्यापर्यंतचा कोट. आरशात बघितलं तर तुमच्या भावजयीच्या जागी एखादा ट्रक ड्रायव्हर उभा. पण अक्का, चालायला किती बरं पडतं हो! साडी सांभाळण्यात अर्धं आयुष्य गेलं असं वाटतं.

उजेड परत येतो आहे. सकाळी खिडकीत कोवळं ऊन पडतं आणि पूर्ण बर्फ गुलाबी होतो. इथे मोठी नदी आहे, ती गोठली आहे. काल गुनवोर मला नदीवरून चालवत घेऊन गेली. पाण्यावरून चालले मी! खाली वाहतंय आणि वर आम्ही दोघी थर्मासातून कॉफी पितोय. लोक तिथे भोक पाडून मासे धरतात. एकानं मला गळ धरायला दिला. पाऊण तास धरून बसले, काही लागलं नाही, तरी उठावंसं वाटेना.

तिथे बसल्या बसल्या तुमच्या भावाची आठवण आली. त्यांनी आधी भोक पाडायचं यंत्र उघडलं असतं. मी एकटीच हसले. मग वाटलं, आपण हसतो आहोत हे बरं नाही.

बेकरीत या दिवसांत एक गोल पाव मिळतो, आत साय भरलेली. तोंडाजवळ नेला तर वेलचीचा वास! मी खाल्ला अक्का. गोड खाल्लं. तुम्ही तिळगूळ केला नाहीत आणि मी इथे साय चाटत बसले. रूपाला म्हटलं, अक्कांना सांगू नकोस, आणि आता मीच सांगते आहे.

तुमची गच्ची झाली का सुरू? ऊन चढलं असेल. पाठीला आराम द्या.

तुमची,
प्रमिला


उमेओ
२ मार्च

ती. अक्का,

नमस्कार. महिना होत आला, तुमचं पत्र नाही. कुंदनला रूपानं विचारलं तर म्हणाला, आई बरी आहे, लिहायचं म्हणत नाही. तेव्हा मला वाटलं कामात असाल. आज रूपा बोलता बोलता म्हणाली, "आई, मी तो फोटो आत्याला पाठवला होता, तिला आवडेल म्हणून." मी हातातला कप खाली ठेवला आणि कागद घेतला.

तर तुम्ही तो फोटो बघितलात. आता लपवायचं काही उरलं नाही. जे झालं ते सगळं सांगते.

इथे एका सोमाली माणसाचं वाणसामानाचं दुकान आहे. तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला मला पोत्यात ज्वारी दिसली. अक्का, आपली ज्वारी, पांढरी! मी पोत्यात हात घातला आणि काढवेना. विचार न करता दोन पिशव्या घेतल्या. घरी येऊन भिजत घातली. तीन दिवसांनी आंबट वास सुटला तेव्हा भानावर आले, की आपलं वर्ष चालू आहे, आपल्याला हे चालत नाही. पण टाकून देणार कसं? मनाशी म्हटलं, माणूस गेलं ते जळगावच्या घरात, हे घर वेगळं. पळवाट काढली, मला कळत होतं.

वाटली, लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून शिजवली. मग ऊन कुठलं? या इमारतीत तळघरात कपडे वाळवायची खोली आहे, गरम वारा सोडणारं यंत्र असतं. ज्याची पाळी त्यानं वापरायची. रूपाच्या पाळीला मी खाली गेले, टेबलावर कपडा अंथरला आणि बिबडे घातले. रूपानं फोटो काढला तो तेव्हाच. पाळी संपली तरी ते ओलेच. दार बंद करून मी वर आले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपले शर्ट तिथे टांगले. रात्रभर गरम वारा, लसूण आणि मिरची. ते तसेच घालून बिचारे ऑफिसला गेले. संध्याकाळी इमारतीत सभा भरल्यासारखी झाली. आता त्या खोलीच्या दारावर कागद लावला आहे, त्यात एक गोल काढून त्यावर फुली मारली आहे. रूपा लाजेनं लाल झाली होती. गुनवोर मात्र मध्ये पडली. तिनं पातेल्यात उरलेला घाटा तेल घालून खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी परत वाटी पुढे केली. मग मी बिबडे तळून सगळ्यांच्या दारात नेऊन दिले. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तेच, लिफ्टमध्ये बुटांकडे बघणारे. आता ते मला हात जोडतात.

आणि तुम्ही तो कपडाही ओळखला असेल. हिरव्या काठाचं धोतर. कुंदनच्या लग्नात तुम्ही मामाला आहेर केला होता ते. निघताना मी गुपचूप बॅगेत टाकलं होतं. नुसतं उशीखाली असायचं. बिबडे घालायला पांढरा सुती कपडा दुसरा नव्हता. त्यावर मिरचीचे गोल गोल डाग पडले आहेत, धुऊन जात नाहीत.

रिवाज मोडला, तुमचा आहेर खराब केला, याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या जिवाला लागलंय ते वेगळंच. अक्का, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला ते आठवलेच नाहीत. पूर्ण दिवस. घाटा शिजवला, बिबडे घातले, गुनवोरशी हसले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की आज आपण विधवा आहोत हे विसरलो होतो. मला इथे बरं वाटतं. पहिल्या पत्रापासून मी तुम्हाला खोटं लिहिते आहे. तुम्ही त्यांची बहीण. तुम्ही तिकडे रडत असाल आणि मी इकडे उतारावरून ओरडत खाली येते, हे लिहिणार कसं?

तुम्ही बोलला नाहीत तर मी जळगावच्या घरात पाऊल कसं ठेवू? रागवा, पण लिहा.

प्रमिला


धुळे
११ मार्च

प्रमिला,

रागावले होते. खरंच रागावले होते, खोटं कशाला बोलू. फोटो बघितला आणि तीन आठवडे कुंदनशीही नीट बोलले नाही. पण तू समजतेस त्यासाठी नाही.

माझे हात गेले आहेत पोरी. दिवाळीपासून थरथरतात. डॉक्टरनं गोळी दिली, उजवा जरा बरा आहे, डावा ऐकत नाही. थंडी आणि पेन यांच्यावर ढकलत आले, पण हे पत्रही आता कुंदनची बायको लिहिते आहे, मी सांगते. गच्ची झाडली ती खरी. ज्वारी भिजवली तीही खरी. ऊन आलं, घाटा शिजवला, कपडा अंथरला, आणि हात फिरेना. बिबड्याच्या जागी गोळे पडले. सून म्हणाली मी घालते, तिला मी हाकलून दिलं. नणंदेचा मान आहे, सुनेनं घालून कसं चालेल? मग धरणगावच्या बचत गटाच्या बायांकडे वर्षाचे बिबडे सांगितले. ठरवलं होतं, माझे म्हणून तुझ्या डब्यात भरायचे. तुला मोठं मोठं लिहीत होते आणि इकडे विकतचे मागवत होते.

तेवढ्यात तो फोटो आला. मोतीचं धोतर, आणि त्यावर ओळीनं बिबडे, एकसारखे, पातळ, मधून कडेला गेलेले. माझा हात, प्रमिला. मी यावलच्या गच्चीवर तुला दिलेला. मला असा मत्सर झाला की काय सांगू. वाटलं, हिला माझी गरज उरली नाही. भाऊ गेला, आणि त्याच्या घरात माझं जे एक काम होतं तेही हिनं बर्फात बसून करून टाकलं. म्हणून लिहिलं नाही. बाकी कशासाठी नाही.

आता रिवाजाचं. तुला कुणी सांगितलं की तो रडण्यासाठी आहे? आई सांगायची, घरातलं माणूस गेलेल्या बाईनं उन्हातान्हात राबू नये, तिचं बायकांनी करून द्यावं, म्हणून तो आहे. तू हसू नकोस असं आईनं कधी म्हटलं नाही. आजोबा गेले तेव्हा आजी दोन महिन्यांनी आमच्याबरोबर झोक्यावर बसली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि एक दिवस मोती आठवला नाही म्हणून रडतेस? अगं, मला तर भरीत खाताना नाही आठवला. तो माझा भाऊ होता, लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरले. मला चालतं तर तुला का नाही? तू बरी राहावीस म्हणून तर मी तुला तिकडे ढकललं. एकटी त्या घरात बसून वाळून गेली असतीस. तू पहिलं रडकं पत्र पाठवलंस तेव्हा मला वाटलं, माझी चूक झाली. तुझ्या ढकलगाडीच्या पत्रानं मला पहिल्यांदा झोप लागली.

तेव्हा ते बिबडे बॅगेत भर आणि माझ्याकडे घेऊन ये. धोतराचे डाग घासत बसू नकोस.

अक्का


उमेओ
२९ मार्च

ती. अक्का,

किती वेळा वाचलं पत्र ते सांगत नाही. रडले, मग हसले, मग तुमचा तो हात आठवून परत रडले. डावा हात शेकत जा. मी आले की रोज तेल लावणार, तुम्ही कितीही नाही म्हणालात तरी.

आता सगळं खरं लिहिते. मला इथलं सगळं आवडतं. सकाळी उठून बर्फावर कुणाच्या पावलांचे ठसे आहेत ते बघायला आवडतं. घरात शिरताना सगळे बूट काढतात ते आवडतं, तेवढ्यापुरतं आपलंच घर वाटतं. दुपारी गुनवोरकडे कॉफी आणि माझ्याकडे चहा, असा वार लावला आहे. तिनं मला मोजे विणायला शिकवले, मी तिला भाकरी. तिची भाकरी तुमच्या शब्दांत सांगायचं तर नकाशा आहे. रस्त्यावरचा बर्फ आता वितळतो, कडेनं पाणी वाहतं, आणि लोक भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उन्हात उभे राहतात. मीही त्यांच्यात उभी राहते. जळगावात आयुष्यभर उन्हापासून पळाले आणि इथे रांगेत उभी राहून घेते.

तुमच्यासाठी मोजे विणले आहेत. एक जरा मोठा झाला आहे.

बिबडे बॅगेत भरले. रूपा म्हणते विमानतळावर विचारलं तर काय सांगशील? म्हटलं, सांगेन, सासरचा रिवाज.

रूपा म्हणते नोव्हेंबरात परत ये. मी नाही म्हटलं. तुमचे हात असे असताना मी कुठे जाते?

भेटू लवकरच.

तुमची,
प्रमिला


जळगाव
२२ एप्रिल

चि. रूपा,

आत्याचे अनेक आशीर्वाद. हे पत्र तुला आहे, तुझ्या आईला दाखवायचं नाही. ती आत कैरीचं पन्हं करते आहे, तेवढ्यात कुंदनच्या बायकोला सांगून लिहून घेते.

आखाजी चांगली झाली. मी चार दिवस आधीच जळगावला आले. कुंदननं मामाची घागर भरली. तुझ्या आईनं कोपरा सारवला, आणि घागरीखाली घालायला मी तेच धोतर मागितलं. ती म्हणाली, अक्का, त्यावर डाग आहेत. मी म्हटलं, म्हणूनच. मग अंथरलं. वर घागर, घागरीवर खरबूज, बाजूला पुरणपोळी, आमरस, आणि तिनं तुमच्याकडून आणलेले बिबडे, तळून.

जेवायला भाऊबंद होते. उखर्डू आबांनी बिबडा मोडला, खाल्ला, दुसरा घेतला. म्हणाले, "कोणं करात हो?" सगळ्यांचे कान इकडे. या घरात तर वाळवण घालायला नको. तुझी आई पांढरी पडली. मी सांगितलं, "मी करात. दुसरं कोण करई? नणंद शे मी." आबा म्हणाले, "झुंबर, तुना हात आजूनबी तसाच शे."

माझा हात तेव्हा पदराखाली थरथरत होता. आणि तुझी आई हसली. आधी तोंडावर पदर घेतला, मग आवरेना तिला. भरल्या पंगतीत, नवऱ्याच्या घागरीसमोर, खळखळून. एक बाई दुसरीकडे बघायला लागली. मग मीही हसले, तिच्याहून मोठ्यानं, म्हणजे कुणाला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोलावं. आबांना कळलं नाही काय झालं ते, पण तेही हसायला लागले.

पंगत उठल्यावर बायका गेल्या, तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मोतीसाठी रडली. पोटभर रडली. मीही रडले. मग तिनं माझ्या हाताला तेल लावलं.

मोजे मिळाले. जळगावात या उन्हात लोकरीचे मोजे कोण घालतं, पण रात्री कूलर लावला की घालते. मोठा आहे तो डाव्या पायात.

आता मुद्द्याचं. धरणगावचे विकतचे बिबडे आलेत, ते माझ्यासाठी पुष्कळ आहेत. माझं करायला सून आहे, मी तिला आता हाकलत नाही. आषाढात मोतीचं वर्ष होईल, ते नीट करू. तू नोव्हेंबरचं तिकीट काढ. तुझी आई नाही म्हणेल, माझे हात दाखवेल, घराचं कारण काढेल. तिचं काही ऐकू नकोस. आणि त्या गुनवोरला सांग, गाडी उतारावरून सोडताना जरा हळू सोड, आमची एकच भावजय आहे.

तुझी,
झुंबरआत्या